राजाला बळी सापडत नाही

आषाढ लागला की कोल्हापुरात एक वाद ठरल्यासारखा उगवतो. पंचगंगेचे नवे पाणी घागरींतून टेंबलाई देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर पोचते, पी ढबाक वाजते, घरोघर मटणाचा बेत होतो, आणि कोणीतरी विचारतो की देवाला रक्त कशाला लागते. दुसरा उलट विचारतो की आमच्या आजीने बोललेला नवस मोडणारे तुम्ही कोण. गाडगेबाबांनी जत्रेतल्या बळीवर आयुष्यभर कोरडे ओढले. त्यांना मनापासून मानणारेही आषाढात शेजाऱ्याचे आमंत्रण सहसा मोडत नाहीत. पुढे नवरात्रात ललिता पंचमीला त्याच टेकडीवर कोहळा फुटतो आणि त्याच्या फोडीसाठी झुंबड उडते. बळी द्यावा, देऊ नये, की त्याच्या जागी दुसरे काही द्यावे, अशा तिन्ही बाजू त्या एका टेकडीवर गुण्यागोविंदाने नांदतात.

या वादात शहरातला ख्रिस्ती माणूस बहुधा गप्प असतो, पण मनातून निर्धास्त असतो. आमच्यात हा प्रश्न केव्हाच मिटला, असे त्याला वाटते. पाळकही व्यासपीठावरून तेच सांगतात: स्तोत्रसंहितेत खुद्द दावीद राजाने कबूल केले आहे की परमेश्वराला पशू नकोत, पश्चात्तापाने मोडलेले मन हवे. उत्तम शुक्रवार जवळ आला की हा उपदेश हमखास होतो. श्रोत्यांना तो आवडतो, कारण त्यात खर्च नाही. बोकड नको, कोहळाही नको. डोळे मिटून मनातल्या मनात वाईट वाटून घेतले की झाले.

आमच्या मते हे स्तोत्रांचे अर्धे वाचन आहे, आणि नेमके सोयीचे अर्धे.

संहितेत एकंदर १५० स्तोत्रे आहेत. त्यांतले ६६वे काढून पाहावे. संकटात तोंडातून निघून गेलेला नवस फेडायला एक माणूस मंदिरात येतो, आणि आणतो काय, तर पुष्ट मेंढे, बैल आणि बोकड. त्याला कोणी अडवत नाही. ११६व्या स्तोत्रातला मरणाच्या दारातून परतलेला माणूसही आपला नवस चारचौघांदेखत फेडायचा म्हणतो. या मंडळींना टेंबलाईच्या पायरीवर उभे केले तर ती परकी वाटायची नाहीत.

२२वे स्तोत्र याहून बोलके आहे. देवाने आपल्याला टाकले, या आक्रोशाने ते सुरू होते. वधस्तंभावर येशूच्या तोंडी हीच सुरुवात आली. उत्तम शुक्रवारच्या तीन तासांच्या उपासनेत सात उद्गारांवर सात उपदेश होतात, त्यांतला चौथा उद्गार तो हा. सातवाही स्तोत्रांतलाच, ३१व्यातला. म्हणजे मरणाच्या क्षणी येशू जे बोलला त्यात दोनदा स्तोत्रे आली. पण चौथ्या उद्गारावर बोलणारा उपदेशक आक्रोशापाशी थांबतो, आणि स्तोत्र तेथे थांबत नाही. शेवटाकडे ते एका जेवणावर येते: सुटका झालेला माणूस नवस फेडतो आणि गोरगरीब पोटभर जेवतात. या जेवणामागे लेवीयच्या पुस्तकातला नियम आहे. उपकारस्तुतीसाठी केलेल्या शांत्यर्पणात चरबी वेदीवर जाई, याजकाला त्याचा वाटा मिळे, उरलेले मांस अर्पण करणाऱ्याचे. मात्र ते त्याच दिवशी संपले पाहिजे, सकाळपर्यंत काही उरता कामा नये. सबंध जनावर एका घराला एका दिवसात खाऊन संपत नाही. माणसे बोलवावीच लागतात. युरोपातल्या पंडितांना हे टीपा देऊन समजावावे लागले असेल. करवीर तालुक्यातल्या कोणत्याही गावात, जत्रेच्या दिवशी पाहुण्यांसाठी रश्श्याचे पातेले चढवलेल्या बाईला ते न सांगता कळेल.

तेव्हा स्तोत्रे बळीच्या विरुद्ध आहेत, हे काही खरे नाही. त्यांचा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. आसाफाच्या नावावर असलेल्या ५०व्या स्तोत्रात परमेश्वर न्यायाला बसतो आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो की बळींबद्दल माझी तक्रार नाही, ते तर रोज होताहेत. पण रानातली सगळी जनावरे त्याचीच. भूक लागली तरी तो तुमच्या गोठ्याकडे यायचा नाही. मग तो दुसऱ्या एका गटाकडे वळतो. यांना करार तोंडपाठ आहे, पण चोर दिसला की यांची त्याच्याशी दोस्ती होते आणि सख्ख्या भावाची निंदा यांना गोड लागते. देवाला चारून मिंधे करता येते, ही समजूत त्या स्तोत्राच्या निशाण्यावर आहे.

आणि आता ५१वे. उपदेशकांचा सगळा भार याच्यावर, म्हणून जरा थांबून पाहू.

प्रसंग सर्वांना माहीत आहे. सैन्य राब्बाला वेढा घालून बसले आहे, राजा यरुशलेमात गच्चीवर फिरतो आहे. बथशेबेला तो बोलावून घेतो. ती गरोदर राहते. तिचा नवरा उरीया हित्ती आघाडीवरून बोलावला जातो, घरी जायला नकार देतो, आणि आपल्याच मरणाचा हुकूम असलेले पत्र सेनापतीकडे स्वतःच्या हाताने घेऊन जातो. चार दिवस शोक, मग बथशेबा राजवाड्यात. सगळे कायदेशीर दिसावे अशी व्यवस्था झाली. मग नाथान संदेष्टा येतो आणि गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. राजा संतापून त्या श्रीमंताला चौपट भरपाई ठोठावतो, आणि नाथान म्हणतो तो श्रीमंत तूच.

त्यानंतरच्या या स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो की तुला बळी हवा असता तर मी दिला असता. हे तत्त्वज्ञान नव्हे, त्याच्या खटल्याची वस्तुस्थिती आहे. मोशेच्या नियमशास्त्रात नकळत घडलेल्या पापांसाठी पापबली आहे, अशुद्धतेसाठी आहे, फसवणुकीसाठी भरपाईसह दोषबली आहे. जाणूनबुजून केलेल्या खुनासाठी काही नाही. गणनाचे पुस्तक स्वच्छ सांगते की खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नये. ज्याच्या दावणीला हजारो बैल उभे आहेत त्या राजाला या एका गुन्ह्यासाठी वेदीवर नेता येईल असे एकही जनावर सापडत नाही. गरिबाला जे परवडत नाही त्यातून त्याला मोकळे करावे म्हणून हे स्तोत्र लिहिलेले नाही. ज्याला सगळे परवडते त्याला येथे काहीच विकत मिळत नाही.

मोडलेले मन देवाला चालते, हे वाक्य आपण स्वस्ताईची जाहिरात म्हणून वाचतो. राजाच्या बाजूने पाहिले तर ती फार महाग गोष्ट आहे. मेंढा दिला असता, पावती घेतली असती, प्रकरण संपले असते. मन मोडले की प्रकरण संपत नाही. क्षमा जाहीर करणाऱ्या नाथानाने त्याच भेटीत आधी सांगितले होते की तलवार तुझ्या घराला सोडणार नाही, आणि क्षमेनंतरही ती सुटली नाही. १३०वे स्तोत्र म्हणते की परमेश्वराजवळ क्षमा आहे म्हणून त्याचे भय बाळगायचे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे उलटे वाटते. पण कर्ज फेडलेला माणूस सावकाराला ओळख दाखवीत नाही. ज्याचे कर्ज माफ झाले त्याला ती सोय राहत नाही.

आणि गंमत अशी की ५१वे स्तोत्रही पशूंना कायमची रजा देत नाही. अखेरच्या दोन कडव्यांत यरुशलेमचा तट पुन्हा बांधला जावा अशी विनंती आहे आणि मग वेदीवर गोऱ्हे येतात. ही कडवी नंतरच्या, बाबेलच्या बंदिवासातल्या कोणी जोडली असावीत असे पुष्कळ अभ्यासक मानतात. जोडणाऱ्याने स्तोत्र बिघडवले असे आम्हांला वाटत नाही. त्याने क्रम लावला: आधी मन मोडायचे, मग तट बांधायचा, आणि मग बळी द्यायचा. आता तो किंमत म्हणून द्यायचा नाही.

याच स्तोत्रातली एक ओळ मात्र शतकानुशतके खुपत आली आहे. मी केवळ तुझ्याविरुद्ध पाप केले, असे दावीद देवाला सांगतो. मग उरीयाचे काय? बथशेबेचे काय? उपदेशक समजावतात की शेजाऱ्यावरचा अन्याय अखेर देवावरच होतो. ते ठीक आहे, पण मेलेल्या सैनिकाच्या वतीने विचारणाऱ्याचे तेवढ्याने समाधान होऊ नये. आम्हांला उत्तर शीर्षकात सापडते. नाथान आला तेव्हाचे, दावीद बथशेबेकडे गेला त्यानंतरचे, असा खुलासा स्तोत्राच्या माथ्यावर आहे, आणि हिब्रू प्रतींत तो बाहेरचा मथळा नसून पहिली दोन वचने म्हणूनच मोजला जातो. राजा गाताना जे नाव घेत नाही ते गाणे जपणाऱ्यांनी कपाळावर कोरून ठेवले. पुढे मत्तयाने येशूची वंशावळ लिहिली तेव्हा शलमोनाच्या आईचे, म्हणजे बथशेबेचे, नाव सोडून तिला उरीयाची बायको म्हटले. क्षमा होऊन हजार वर्षे उलटली होती, तरी ज्याचे घर मोडले त्याचे नाव तारणाऱ्याच्या कुळवृत्तांतून कोणी खोडले नाही. ज्या क्षमेत अन्याय सोसणाऱ्याचेच नाव गळते तिला दडपणे म्हणतात, आणि ती राजदरबारांना फार पूर्वीपासून येते.

ख्रिस्ती मंडळीने या स्तोत्रांवर जी इमारत उभी केली ती मोठी आहे. ४०व्या स्तोत्रात एक माणूस म्हणतो की तुला यज्ञ नकोत, तेव्हा मीच आलो. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने हे शब्द ख्रिस्ताच्या तोंडी घातले आणि निष्कर्ष काढला की एकदाच झालेल्या एका अर्पणाने वेदीवरची सगळी रांग संपली. इसवी सन ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले, पशुबळी थांबले, स्तोत्रे उरली. यहुदी आणि ख्रिस्ती दोघांनी ती आपापल्या वाटेने पुढे नेली. संत ऑगस्टीन ४३० साली हिप्पोत मरणपंथाला लागला तेव्हा शहराला वेढा पडला होता, आणि त्याने पश्चात्तापाची स्तोत्रे अंथरुणातून दिसतील अशी भिंतीवर लावून घेतली होती. मार्टिन लूथरने १५१७च्या वसंतात अशा सात स्तोत्रांचे जर्मन विवरण छापले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्याविरुद्ध त्याचे प्रबंध बाहेर पडले. लोकांना दुसरी तारीख पाठ असते. पहिलीची कोणी आठवण काढत नाही. चिठ्ठीवरचा हल्ला स्तोत्रांच्या वाचनात शिजला होता.

तरीही चिठ्ठीचा मोह जात नाही. एकदा सर्वांसाठी झालेले अर्पण म्हणजे कायमची भरलेली पावती, असे मानले की वधस्तंभच श्रीमंताचा बैल होतो. आमच्यासाठी दुसऱ्याने दिले, आता आमच्याकडे कोणी मागू नये. डिट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ साली हिलाच स्वस्त कृपा म्हटले. त्याने १९४० साली स्तोत्रांवर छोटे पुस्तक काढले आणि पुढच्या वर्षी नाझी राजवटीने त्याच्या लेखनावर बंदी घातली.

कोल्हापुरात प्रॉटेस्टंट मंडळीचा पाया घालणारे रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ साली येथे आले. शाळांना किती महत्त्व द्यावे यावरून त्यांचे पाठवणाऱ्या मंडळाशी फाटले, मग काही वर्षे त्यांनी स्वतंत्रपणे काम केले आणि १८७० साली ते अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे सोपवले. भांडण येथल्या ख्रिस्ती इतिहासात असे पहिल्या पिढीपासून आहे, आणि ते निदान मुलामुलींना शिकवण्यावरून होते हे त्याचे भूषण. आजची भांडणे जमिनींवरून असतात. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, जुन्या मिशनांच्या मिळकती कोणाच्या हा प्रश्न मागे राहिला, आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी एकाच बाप्तिस्म्याचे लोक वादी-प्रतिवादी म्हणून कोर्टात उभे राहिले. कोणता दावा कोणाचा, हे सांगण्याची ही जागा नव्हे. हक्कासाठी कोर्टात जाणे पापही नव्हे. पण रविवारी दोन्ही पक्ष एकाच मेजावरची भाकर घेतात आणि सोमवारी तारखेला एकमेकांकडे पाहत नाहीत, तेव्हा अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, हा येशूचा हुकूम कोणाला उद्देशून होता हे विचारावेसे वाटते.

वाइल्डर ज्या परंपरेकडे वळले तिला हा हुकूम ठाऊक होता. स्कॉटलंडमधल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत जुन्या काळी प्रभुभोजनाआधी वडील लोक चौकशी करीत, आणि ज्याचे वागणे ठीक नाही वा भांडण मिटलेले नाही त्याला धातूचा बिल्ला मिळत नसे. बिल्ल्यावाचून मेजाशी बसता येत नसे. या रिवाजात गावकी आणि सूडही भरपूर शिरला असणार. बिल्ले परत आणा असे आम्ही म्हणत नाही. पण मेजाआधी काहीतरी विचारले जाई, आता काहीच विचारले जात नाही.

विचारायचे काय याची यादीही स्तोत्रांत तयार आहे. १५वे स्तोत्र म्हणजे मंदिराच्या दाराशी घेतलेली तोंडी परीक्षा. पवित्र डोंगरावर कोण राहील? उत्तरात उपास, नवस, वर्गणी, काही येत नाही. शेजाऱ्याची निंदा न करणारा, तोट्यात जाऊनही दिलेला शब्द पाळणारा, पैसे व्याजाने न देणारा, निरपराध्याविरुद्ध लाच न घेणारा. खासगी सावकारीने गांजलेली घरे या जिल्ह्यात कमी नाहीत. दाराशी ही परीक्षा खरोखर सुरू झाली तर देवळे, मशिदी, चर्चे सगळीकडेच बसायला ऐसपैस जागा होईल, आणि भिंतीवरच्या संगमरवरी देणगीफलकांपैकी काही उतरवावे लागतील.

आणि आता गाण्यांविषयी. शहरातल्या तरुण मंडळ्यांत उपासना म्हणजे गिटार, कीबोर्ड आणि पाऊण तास स्तुती. वाद्यांना आमचा आक्षेप नाही, १५०व्या स्तोत्रात झांजा आणि तंतुवाद्ये दोन्ही आहेत. पण संहितेचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग तक्रारीचा आहे: किती दिवस, का, कोठे आहेस तू. तो भाग गाण्यांतून जवळजवळ नाहीसा झाला. मराठी ख्रिस्ती माणसाने तो गमावावा हे विशेष नवल आहे, कारण देवाशी भांडायची इतकी चांगली शाळा दुसऱ्या भाषेला क्वचितच मिळाली असेल. तुकोबा विठ्ठलाला कोणकोणत्या शब्दांत जाब विचारतात ते वारकऱ्याच्या घरात पोरांनाही माहीत असते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढच्या चोवीस वर्षांत त्यांनी अभंग, भजने आणि कीर्तने यांचा एवढा ठेवा दिला की ‘उपासना संगीत’ त्यावर आजही उभे आहे. ते पुस्तक बाकाच्या कोपऱ्यात धूळ खात असेल तर दोष चालींचा नाही.

तक्रारीची स्तोत्रे गेली की आणखी एक गोष्ट जाते, आणि ती क्षमेशी जोडलेली आहे. १०९वे स्तोत्र चक्क शिव्याशापांचे आहे. सुसंस्कृत उपासनेत ते कोणी वाचत नाही. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याला देवासमोर प्रथम बोलू द्यावे लागते, ते बोलणे कितीही कडू असले तरी. आपल्याकडे मारहाण सोसणाऱ्या सुनेला, फसवल्या गेलेल्या धाकट्या भावाला, नोकरीत डावललेल्या शिक्षिकेला मंडळीतली वडीलधारी माणसे दुसऱ्याच दिवशी सांगतात की ख्रिस्ताने क्षमा केली, तूही कर. दुसऱ्या बाजूला कोणी नाथान पाठवत नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले गेले त्या घरांतून या मंडळ्यांचा मोठा भाग आला. झाले ते विसरा, हा उपदेश या घरांनी पूर्वीही दुसऱ्या देवांच्या नावाने ऐकला होता.

तेव्हा येत्या उत्तम शुक्रवारपूर्वी दोन साध्या गोष्टी करता येतील. ५१वे स्तोत्र मंडळीत वाचताना शीर्षकही मोठ्याने वाचावे. मराठी पवित्र शास्त्रात ते छापलेले असते आणि वाचणारा ते ओलांडून थेट पहिल्या ओळीला हात घालतो. आणि प्रभुभोजनाच्या आधीच्या रविवारी पाळकांनी जाहीर करावे की ज्यांची आपसांत देवाणघेवाण, वाटणी वा दावा अडकला आहे त्यांनी या आठवड्यात एकमेकांच्या घरी जावे, आणि अन्याय करणाऱ्याने आधी जावे. यासाठी सिनॉडचा ठराव लागत नाही, वडीलमंडळाच्या सभेत विषय निघाला तरी पुरे.